पॅड बदलूनही डिस्क ब्रेक पुन्हा पुन्हा किंचाळतो: कारण कसे शोधावे आणि उपाय कसा टिकवावा

डिस्क ब्रेक दाबला की कर्कश आवाज येतो आणि सायकल पूर्वीसारखी जागेवर थांबत नाही. दुकानात नेल्यावर नवे पॅड, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या धातूच्या चकतीला दाबून धरणारे छोटे गुटके, बसवून मिळतात, आठ-पंधरा दिवस सगळे सुरळीत चालते आणि मग तोच आवाज परत सुरू होतो. नाशिकमध्ये ही तक्रार पावसाळा सरता सरता आणि विशेषतः दसऱ्यानंतर हमखास ऐकू येते. दुकानातील मुलगा "सर, पॅड गेलेत, नवे टाकून देतो" असे म्हणतो. त्याचे म्हणणे खोटे नसते, कारण पॅड खरोखरच खराब झालेले असतात. परंतु ते कशामुळे खराब झाले हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि म्हणून नवे पॅडही जुन्यांच्याच वाटेने जातात. माझे स्पष्ट मत असे आहे की, दोनदा पॅड बदलूनही आवाज परत येत असेल तर तिसरा जोड विकत घेण्याआधी ब्रेकवर तेल कोठून येते, याचा शोध घ्यावा.

पुढील माहिती प्रामुख्याने या एकाच समस्येविषयी आहे. पॅड आणि चकती यांच्यातील घर्षणावरच ब्रेकची सारी भिस्त असल्यामुळे आवाजाकडे केवळ कानाला होणारा त्रास म्हणून पाहू नये. तेलकट झालेला ब्रेक किंचाळतो तेव्हा त्याची थांबवण्याची ताकद बहुधा आधीच घटलेली असते.

प्रथम आवाज कोणता आहे ते ओळखावे

डिस्क ब्रेकचा प्रत्येक आवाज हा बिघाड नसतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिक-निफाड पट्ट्यात पहाटे चांगलेच दव पडते आणि रात्री उघड्यावर राहिलेल्या सायकलच्या चकतीवर ओलाव्याचा पातळ थर बसतो. अशा सकाळी पहिले चार-पाच ब्रेक ओरडतात आणि चकती कोरडी झाली की आवाज आपोआप थांबतो. त्यावर काहीही करण्याची आवश्यकता नसते. पावसात त्र्यंबकेश्वर रस्त्याने जाताना येणारा भोंग्यासारखा आवाजही याच जातीचा असतो. मात्र, ओली चकती पहिल्या क्षणी कमी पकडते, म्हणून पावसात नेहमीपेक्षा आधी ब्रेक लावण्यास सुरुवात करावी.

ब्रेक न दाबताही चाकाच्या प्रत्येक फेरीत एकदा "चर्र" असा आवाज येत असेल तर चकती कोठेतरी वाकलेली आहे, आणि तो आवाज सलग येत असेल तर कॅलिपर, म्हणजे पॅड धरून ठेवणारा भाग, चकतीच्या मधोमध बसलेला नाही, असे समजावे. ब्रेक दाबताच "ठक" असा एकच आवाज येणे ही मात्र गंभीर बाब आहे. चकतीचे बोल्ट सैल असणे, कॅलिपरचे बोल्ट सैल असणे किंवा हँडलच्या मुळाशी असलेले बेअरिंग ढिले असणे यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. पुढचा ब्रेक घट्ट धरून सायकल जागच्या जागी पुढे-मागे हलवावी आणि दुसऱ्या हाताची बोटे आळीपाळीने कॅलिपरजवळ व हँडलच्या मुळाशी टेकवावीत. ज्या ठिकाणी हादरा बोटांना जाणवतो तेथे दोष असतो आणि तो दूर होईपर्यंत सायकल रस्त्यावर आणू नये.

हे सगळे वगळल्यावर उरतो तो खरा किंचाळणारा आवाज. तो कोरड्या हवेत, दुपारच्या उन्हातही येतो, चार-पाच वेळा ब्रेक लावूनही जात नाही आणि त्याच्या जोडीला लिव्हर अधिक जोराने दाबावा लागतो. ही तेलाची लक्षणे होत.

पॅड बाहेर काढून पाहणे

चाक काढावे, पॅडमधून गेलेली पिन किंवा छोटा बोल्ट काढून पॅड बाहेर घ्यावेत आणि सूर्यप्रकाशात तिरके धरून पाहावेत. निरोगी पॅडचा पृष्ठभाग एकसारखा करडा किंवा तपकिरी, निस्तेज आणि बोटाला किंचित खरखरीत असतो. अर्थात, पॅड वापरण्यायोग्य वाटत असेल तर त्याला बोट लावू नये, कारण त्वचेवरचे तेलही त्याला नको असते. तेल लागलेल्या पॅडवर गडद, ओलसर दिसणारे डाग असतात. बऱ्याचदा डाग एकाच कडेला, एकाच कोपऱ्यात असतो, आणि हा कोपरा फार बोलका असतो. डाग पॅडच्या बाहेरील कडेवरून आत पसरत गेला असेल तर तेल बाहेरून आले आहे. पॅडमागची धातूची पट्टी आणि पॅडला पुढे ढकलणाऱ्या पिस्टनचे तोंड ओलसर असेल तर ते कॅलिपरच्या आतूनच झिरपत आहे. पृष्ठभाग डाग नसूनही आरशासारखा गुळगुळीत झाला असेल तर तेथे तेल नाही, अतितापामुळे पॅड जळून कडक झालेला आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

याच वेळी जाडीही पाहून घ्यावी. सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या पॅडमध्ये घर्षणाचा थर ०.५ मिलिमीटरवर आला की पॅड बदलणे आवश्यक मानले जाते, परंतु घाटात जाणाऱ्याने तेथपर्यंत वाट पाहणे मला शहाणपणाचे वाटत नाही. एक मिलिमीटर उरला की नवा जोड घरात असावा. शिमानोची नवी चकती साधारण १.८ मिलिमीटर जाड असते आणि १.५ मिलिमीटरवर ती बाद धरतात. अनेक चकत्यांवर किमान जाडी कोरलेलीही असते.

तेल येते कोठून

समस्या परत परत का येते याचे उत्तर बहुतेक वेळा येथेच मिळते.

पहिला आणि सर्वांत मोठा स्रोत म्हणजे आपला स्वतःचा काळजी घेण्याचा हात. सायकलला तेलपाणी करणे ही आपल्याकडची जुनी, चांगली सवय आहे, पण ती ज्या सायकलींवर रुजली त्यांना डिस्क ब्रेक नव्हते. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला सायकल धुतली जाते, पुसली जाते, झेंडूचा हार पडतो आणि घरातील एखादे आजोबा लोखंडाला गंज चढू नये म्हणून त्या चकचकीत चकतीवरही तेलाचा बोळा फिरवतात. चकती बहुधा स्टेनलेस स्टीलची असते, तिला तेलाची गरज नसते. हार घालावा, हळद-कुंकू हँडलला वाहावे, परंतु चकती आणि कॅलिपर यांना हात लावू नये, हे घरात सगळ्यांना एकदा सांगून ठेवणे हाच यावरील उपाय आहे.

दुसरा स्रोत चेनवर मारायचा स्प्रे होय. चेन उजवीकडे आणि चकती डावीकडे असल्यामुळे स्प्रेचा काही संबंध नाही असे वाटते, पण त्याचा बारीक फवारा आऱ्यांमधून सहज पलीकडे जातो. ज्यांचा मागचाच ब्रेक सतत खराब होतो त्यांनी सर्वप्रथम याचा संशय घ्यावा. स्प्रेऐवजी थेंब पाडणारी बाटली घ्यावी, चेनच्या खालच्या भागावर प्रत्येक कडीला एक थेंब द्यावा, पेडल उलटे फिरवत राहावे, थोड्या वेळाने फडक्याने चेन बाहेरून कोरडी पुसावी, आणि हे सारे चालू असताना मागच्या चकतीवर प्लॅस्टिकची पिशवी चढवून ठेवावी. तसेच स्प्रे प्रकारातील बहुउपयोगी गंजनाशक द्रव कॅलिपरच्या आसपास कधीही वापरू नये. "आवाज येतोय तर जरा मारून बघू" हा विचार सर्वांत महागात पडतो.

तिसरा स्रोत दुचाकी धुण्याचे वॉशिंग सेंटर आहे. पावसाळ्यात लाल मातीने माखलेली सायकल घेऊन मोटारसायकलच्या रांगेत उभे राहण्याचा मोह होतो. तेथे चिखल आणि ग्रीस काढण्यासाठी कित्येकदा डिझेल फवारतात, शेवटी प्लॅस्टिकच्या भागांना चमक आणणारे सिलिकॉनचे पॉलिश मारतात आणि या दोन्ही गोष्टी पॅडसाठी विषासमान आहेत. शिवाय जोरदार पाण्याचा झोत हबच्या बेअरिंगमधील ग्रीस बाहेर ढकलतो आणि ते ग्रीस चकतीच्या मुळाशी येऊन बसते. सायकल घरी बादली, साधा साबण आणि मऊ ब्रश यांनीच धुवावी.

चौथा स्रोत दिसत नाही, म्हणून त्याला सर्वाधिक वेळ लागतो: हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणाऱ्या, कॅलिपरच्या पिस्टनभोवतीचे सील झिजून आतील तेल अत्यंत मंद गतीने पाझरणे. इंदिरानगर भागातील एका परिचित प्राध्यापकांच्या सायकलला मागच्या ब्रेकचे पॅड वरचेवर बदलावे लागत होते, स्प्रे नव्हता, वॉशिंग सेंटर नव्हते, तेलाचा हात फिरवणारेही कोणी नव्हते. अशा वेळी करण्याजोगी चाचणी अशी: आधीच वाया गेलेले जुने पॅडच आत ठेवावेत, कॅलिपर आतून स्वच्छ करून पूर्ण कोरडा होऊ द्यावा, चाक जागेवर बसवावे, आणि लिव्हर घट्ट दाबून रबराने हँडलला रात्रभर बांधून ठेवावा. सकाळी रबर सोडून चाक व पॅड काढावेत आणि पांढऱ्या टिश्यू पेपरचा कोपरा पिस्टनच्या कडेने फिरवावा. त्या सायकलीच्या बाबतीत टिश्यूवर एका बाजूला अर्धचंद्राच्या आकाराचा ओला डाग उमटला आणि निदान झाले. अनेक कॅलिपरसाठी सील सुटे मिळत नाहीत, त्यामुळे असा कॅलिपर बदलणे हाच मार्ग उरतो. खर्च होतो, परंतु तो दर महिन्याला पॅड बदलण्यापेक्षा आणि त्याहून अधिक म्हणजे ब्रेक ऐन वेळी न लागण्यापेक्षा परवडतो.

पुढच्या ब्रेकसाठी आणखी एक संशयित असतो तो म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या, शॉकअप असलेल्या फोर्कचे झिजलेले सील. फोर्कच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसत असेल तर तो वाऱ्याने आणि गुरुत्वाने कोठे जाणार हे वेगळे सांगायला नको.

स्वच्छ करण्याची पद्धत

भज्यांखाली ठेवलेला कागद जसे तेल ओढून घेतो तसा पॅडचा सच्छिद्र थर तेल आत खेचतो, म्हणून तेलकट पॅड वरून पुसून दुरुस्त होत नाही. तो गॅसच्या ज्योतीवर किंवा तव्यावर भाजून तेल जाळण्याचा उपाय बराच प्रचलित आहे. मी त्याच्या विरोधात आहे. रेझिनच्या (राळेसारख्या पदार्थाने बांधलेल्या) पॅडमधील बंधक पदार्थ अशा उष्णतेने कमकुवत होतो, त्यातून निघणारा धूर आरोग्यास चांगला नसतो, आणि त्यानंतर मिळणारी पकड सहसा काही दिवसांचीच असते. काहीशे रुपयांच्या पॅडसाठी स्वयंपाकघर आणि स्वतःचा जीव दोन्ही पणाला लावण्याचे कारण नाही. तेलात भिजलेले पॅड फेकून द्यावेत. केवळ वरवर चमक आलेली असेल तर सपाट पृष्ठभागावर सँडपेपर ठेवून पॅड त्यावर हलक्या हाताने आठच्या आकड्यात फिरवून पाहण्यास हरकत नाही. ही भुकटी फुंकू नये, ओल्या फडक्याने उचलावी.

चकती मात्र टिकवता येते, कारण धातू तेल शोषून घेत नाही. नव्या पॅडसाठी जुनी तेलकट चकती न पुसताच चाक परत बसवणे, ही दुकानांतील घाईत होणारी नेहमीची गोष्ट आहे, आणि नवे पॅड पहिल्याच चौकात खराब होण्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते. प्रथम भांडी घासण्याच्या साबणाने आणि गरम पाण्याने चकती दोन्ही बाजूंनी घासावी, धुवावी, वाळवावी. त्यानंतर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या स्वच्छ सुती फडक्याने ती पुसत जावी आणि फडक्याची बाजू वारंवार बदलावी, कारण काळी झालेली बाजू पुन्हा लावली की काढलेले तेलच परत पसरते. फडक्यावर डाग उमटणे बंद झाले की बारीक सँडपेपरने चकतीचा पृष्ठभाग हलकेच खरवडावा आणि पुन्हा एकदा अल्कोहोलने पुसावे. कॅलिपरच्या आतील भागही इअरबडने याच प्रकारे पुसावा.

आयसोप्रोपिल अल्कोहोल एम.जी. रोडवरील मोबाइल-दुरुस्तीचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत किंवा रसायनांच्या दुकानात मिळते. त्याची वाफ पटकन पेट घेते, म्हणून काम खुल्या जागेत आणि देवघरातील समईपासून दूर करावे. त्याऐवजी घरात उरलेला हँड सॅनिटायझर वापरू नये, कारण हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन मिसळलेले असते आणि ते चकतीवर थर धरते. रॉकेल, डिझेल आणि पेट्रोल ही तर स्वतःच डाग मागे ठेवणारी द्रव्ये आहेत.

चाक फिरत असताना चकतीजवळ बोट नेऊ नये, हे कितीही वेळा सांगितले तरी अपुरेच आहे. फिरत्या चकतीतील भोके आणि कडा बोट सहज कापतात. फडके फिरत्या चकतीवर धरून "पटकन पुसून घेण्याची" पद्धत म्हणूनच पूर्णपणे टाळावी.

नवे पॅड रुळवणे

हात धुऊन, पॅड केवळ मागच्या धातूच्या पट्टीला धरून बसवावेत. त्याआधी पुढे आलेले पिस्टन प्लॅस्टिकच्या सपाट पट्टीने सावकाश मागे ढकलावेत; स्क्रूड्रायव्हरने ढकलल्यास सिरॅमिकचा पिस्टन तडकू शकतो. चाक बसवताना सायकल जमिनीवर सरळ उभी ठेवावी, म्हणजे धुरा खाचेत पूर्ण टेकतो. मग कॅलिपरचे दोन्ही बोल्ट अर्धवट सैल करून लिव्हर दाबून धरावा आणि त्या स्थितीत बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करावेत. शिमानो या बोल्टसाठी ६ ते ८ न्यूटन-मीटर एवढा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, सांगते. याने सलग घासण्याचा आवाज बहुतेक वेळा जातो.

यानंतरची पायरी जवळपास सर्वच जण गाळतात. नव्या पॅडचा अत्यंत पातळ थर चकतीवर एकसारखा चढल्याशिवाय ब्रेकला पूर्ण ताकद येत नाही आणि तो थर ठिकठिकाणी कमी-जास्त चढला तर चकती थरथरून ओरडते. गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे एखादा मोकळा, सपाट तुकडा निवडावा. ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेग घ्यावा आणि एकच ब्रेक जोराने पण एका लयीत लावून वेग चालण्याइतका खाली आणावा. चाक जाम होऊ देऊ नये आणि पूर्ण थांबूही नये, कारण गरम पॅड एकाच जागी दाबून थांबल्यास तेथे डाग बसतो. हे पुढच्या आणि मागच्या ब्रेकसाठी स्वतंत्रपणे पंधरा-वीस वेळा करावे, मग वेग थोडा वाढवून आणखी काही वेळा करावे. सुरुवातीला ब्रेक मंद वाटेल आणि पाहता पाहता त्याची पकड वाढत जाईल. वाढ जाणवली नाही तर स्वच्छतेत कोठेतरी उणीव राहिली आहे.

केबलवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकचा वेगळा घोळ

कॉलेज रोड, गंगापूर रोड येथील क्लासबाहेर उभ्या असलेल्या कितीतरी गिअरच्या सायकलींना हायड्रॉलिक नसून केबलचा डिस्क ब्रेक असतो. त्यातील बहुतांश प्रकारांत केबल ओढल्यावर फक्त बाहेरचा पॅड सरकतो. तो चकतीला किंचित वाकवून आतल्या, म्हणजे आऱ्यांकडील स्थिर पॅडवर दाबतो. दोन्ही पॅड झिजत असतात, पण मुले केवळ लिव्हरजवळचा स्क्रू फिरवून केबल ताणत राहतात. हळूहळू कॅलिपरवरील दांडी आपल्या हालचालीच्या टोकाला पोहोचते, चकती एका बाजूला कायमची वाकलेली राहून घासते, आणि एके दिवशी लिव्हर थेट हँडलला टेकतो.

योग्य क्रम उलटा आहे. लिव्हरजवळचा स्क्रू आत फिरवून केबलचा ताण सोडावा. आऱ्यांच्या बाजूने दिसणारा स्थिर पॅडचा स्क्रू किंवा गोल बटण एलन कीने वा हाताने फिरवून तो पॅड चकतीला जवळजवळ लागेल एवढा पुढे आणावा. मध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट पुरे. मग बाहेरच्या पॅडसाठी केबल इतकीच ताणावी की दांडी सैल स्थितीत पूर्ण मागे येईल. पावसाळ्यानंतर लिव्हर सोडल्यावर तो सुस्तपणे परत येत असेल तर बाहेरच्या आवरणात पाणी शिरून केबल गंजली आहे, आणि ती आवरणासह बदलणेच योग्य.

घाट उतरताना पॅड का जळतात

सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे किंवा पेठ रस्त्यावरील सावळघाटातून उतरून आलेल्या सायकलचा ब्रेक दुसऱ्या दिवशी किंचाळू लागला आणि त्यावर तेलाचा मागमूस नसेल तर कारण उष्णता आहे. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो वजन धरले तर दर १०० मीटर उंची उतरताना सुमारे ८८ किलोज्यूल ऊर्जा कोठेतरी जावी लागते. एक लिटर पाण्याचे तापमान २१ अंशांनी वाढवण्यास एवढी ऊर्जा पुरते. काही भाग हवेचा रोध घेतो, उरलेला भाग जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम वजनाच्या चकतीला पेलावा लागतो. हळूहळू, सतत ब्रेक घासत उतरणाऱ्याच्या चकतीला थंड होण्यास उसंतच मिळत नाही आणि वेग कमी असल्याने हवेचा हातभारही कमी लागतो. म्हणून वळणापूर्वी दोन्ही ब्रेक ठामपणे लावून वेग उतरवावा, वळणात ते सोडावेत आणि चकतीला वारा लागू द्यावा. लिव्हर मऊ पडू लागला किंवा जळका वास आला की कडेला सुरक्षित जागा पाहून थांबावे. त्या वेळी चकतीला हात लावू नये, तिच्यावर बाटलीतील पाणीही ओतू नये. एकाएकी थंड झालेली चकती वाकते.

वजनदार स्वारांनी आणि नियमित घाट करणाऱ्यांनी १६० ऐवजी १८० मिलिमीटरची चकती आपल्या फोर्कला चालते का, हे दुकानात विचारून पाहावे. धातूचे पॅड उष्णता आणि चिखल अधिक सहन करतात, आवाज मात्र थोडा जास्त करतात. ज्या चकतीवर फक्त रेझिन पॅड वापरण्याची सूचना कोरलेली असते तिच्यावर ते लावू नयेत, कारण ती चकती मऊ असते आणि झपाट्याने झिजते.

चाक आणि क्विक रिलीज

चाक काढ-घाल करताना एक धोका डिस्क ब्रेकमुळेच निर्माण होतो. २०१५ साली ट्रेक कंपनीने अमेरिका व कॅनडातील सुमारे दहा लाख सायकली परत बोलावल्या होत्या. पुढच्या चाकाचा क्विक रिलीजचा, म्हणजे अवजाराशिवाय चाक सोडवण्याचा, दांडा सैल किंवा उघडा राहिल्यास तो फिरत्या चकतीत अडकू शकत होता, हे त्यामागचे कारण होते. आपल्याकडे क्विक रिलीजच्या सायकली पुष्कळ आहेत. दांडा पूर्ण उघडून चकतीकडे वळवून पाहावा. दोहोंमध्ये साधी पेन्सिलही जात नसेल, म्हणजे सहा मिलिमीटरपेक्षा कमी अंतर असेल, तर तो दांडा बदलावा. एरवीही दांडा चकतीच्या विरुद्ध बाजूला बसवणे चांगले; त्या बाजूने तो बंद करताना बोटे तापलेल्या चकतीलाही लागत नाहीत.

हायड्रॉलिक ब्रेक असलेल्या सायकलचे चाक काढल्यावर लिव्हर दाबू नये. पिस्टन पुढे येतात आणि मग चाक परत बसत नाही. गाडीच्या डिकीत किंवा टेम्पोत सायकल न्यायची असल्यास पॅडच्या फटीत पुठ्ठ्याचा जाड, स्वच्छ तुकडा घालून ठेवावा आणि सायकल चकतीच्या बाजूवर आडवी करू नये. पंक्चरसाठी सायकल उलटी ठेवल्यानंतर लिव्हर मऊ लागला तर ती सरळ करून तो काही वेळा दाबावा. दाबत गेल्यावर कडक होतो आणि सोडून ठेवल्यावर पुन्हा मऊ पडतो, असे होत राहिल्यास आत हवा आहे व ब्रेक ब्लीड करावा, म्हणजे तेलातील हवा बाहेर काढावी लागेल.

ब्लीड करायला देण्यापूर्वी

येथे मोटारसायकलच्या गॅरेजचा रस्ता धरू नये, निदान डोळे मिटून तरी नाही. मोटारसायकलच्या ब्रेकमध्ये सर्वसाधारणपणे डॉट ३ किंवा डॉट ४ या श्रेणीचा ब्रेक-द्रव असतो. शिमानो, टेक्ट्रो आणि मॅगुरा यांच्या सायकल-ब्रेकमध्ये खनिज तेल असते. एसरॅमच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट चालतो, पण त्यांचीही काही नवी मॉडेल खनिज तेलाची आहेत. एकाच्या जागी दुसरे घातले की सील फुगतात, पिस्टन अडकतात आणि काही दिवसांनी पाझर सुरू होतो; मग पॅड, आवाज आणि दुकान यांचे तेच चक्र नव्याने फिरू लागते. डॉट द्रव हवेतील ओलावा शोषतो आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. नव्या डॉट ४ साठी किमान २३० अंश सेल्सिअस असलेली मर्यादा ओलावा मुरल्यावर १५५ अंशांवर येते, म्हणून तो ठराविक काळाने बदलावाच लागतो. खनिज तेल ओलावा शोषत नाही, पण आत शिरलेले पाणी त्यात वेगळे साठून राहते. डॉट रंगाला आणि त्वचेलाही अपाय करतो, तेव्हा हातमोजे घालूनच हाताळावा.

तेलाचा प्रकार बहुधा लिव्हरवरील टाकीच्या झाकणावर छापलेला असतो. तो घासून पुसट होण्याआधी कापडी चिकटपट्टीच्या तुकड्यावर लिहून फ्रेमच्या आतल्या बाजूला चिकटवावा, आणि सायकल मेकॅनिककडे सोपवताना तीन गोष्टी त्याला तोंडी सांगाव्यात: आवाज कोरड्यात येतो की ओल्यात, जुन्या पॅडवर डाग कोणत्या बाजूला होता, आणि रात्रभर लिव्हर बांधून केलेल्या चाचणीत टिश्यू ओला झाला की कोरडाच राहिला.